महिन्यातून एक कथा : साताऱ्यातील एका वाचनालयाचा कथावाचन गट

साताऱ्यातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सायंकाळी पाच वाजता कथावाचन गटाची बैठक भरते. मी गेली तीन वर्षे या गटात जाते. पहिल्या वर्षी दोन-तीन बैठका चुकल्या, त्यानंतर घरातील एका लग्नाचा अपवाद सोडल्यास एकही चुकवलेली नाही. वाचनालयाविषयी मत देताना लोक बहुधा पुस्तकांचा साठा, वर्गणी आणि देवघेव विभागातील कर्मचाऱ्यांचे वागणे यांविषयी लिहितात. या गटाविषयी कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्यांचा समज असा असतो की हे निवृत्त माणसांनी वेळ घालवण्याचे ठिकाण आहे. तो समज का चुकीचा आहे हे सांगावे, आणि गटाच्या कामकाजातील ज्या गोष्टी मला मनापासून खटकतात त्याही नोंदवाव्यात, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

बैठकीची रीत साधी आहे. एका वेळी एकच कथा घेतली जाते. कथा घरून वाचून येण्याची सक्ती नसते, कारण ती बैठकीतच पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचली जाते. वाचणारा दर महिन्याला वेगळा असतो आणि त्याचे नाव आधीच्या बैठकीत ठरते. वाचन संपल्यावर पाच मिनिटे कोणीही बोलायचे नाही, असा नियम आहे, आणि तो इतका कसोशीने पाळला जातो की नव्याने आलेल्या माणसाला प्रथम अवघडल्यासारखे होते. त्यानंतर चर्चा सुरू होते. चर्चेचा एकच दंडक आहे आणि तो गटाच्या बोलण्यात 'ओळ दाखवा' या दोन शब्दांत रुळला आहे. अमुक पात्र स्वार्थी आहे, लेखकाला अमुक सुचवायचे आहे, शेवट पटत नाही, यांपैकी काहीही म्हणायचे असेल, तर ज्या ओळीवरून तसे वाटले ती ओळ आधी वाचून दाखवावी लागते. ओळ सापडली नाही तर मत मागे घेण्याची गरज नाही, पण ते आपले मत आहे, कथेतील गोष्ट नव्हे, एवढे कबूल करावे लागते.

हा दंडक मला या सेवेचा कणा वाटतो. साहित्यविषयक अनेक कार्यक्रमांना मी गेले आहे. तेथे व्यासपीठावर कोणीतरी बोलते, श्रोते ऐकतात, आभारप्रदर्शन होते आणि ज्या पुस्तकावर व्याख्यान झाले ते अर्ध्या सभागृहाने वाचलेलेच नसते. कादंबरीवरच्या चर्चेत तर हे हमखास होते. महिनाभरात चारशे पाने वाचून होतीलच असे नाही, आणि ज्यांची झाली नाहीत ते गप्प बसतात किंवा ऐकीव मतांवर बोलतात. दहा-पंधरा पानांची कथा ही एका बैठकीत सर्वांच्या समोर संपूर्ण उलगडते, त्यामुळे अभ्यासिकेतून उठून आलेला विद्यार्थी, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि भाजी निवडून ठेवून घाईने आलेली गृहिणी यांच्यापुढे त्या तासापुरता तरी अगदी तोच मजकूर असतो. कोणाचे वाचन जास्त आणि कोणाचे कमी, हा भेद त्या खोलीत पुष्कळसा गळून पडतो.

मोठ्याने वाचणे म्हणजे कथाकथन नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे, कारण चौकशीला येणारे बहुतेक जण प्रथम तेच विचारतात. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार या तिघांनी कथाकथनाचे कार्यक्रम महाराष्ट्रभर नेले आणि त्या कार्यक्रमांची आठवण आमच्या पिढीच्या आईवडिलांच्या बोलण्यात कायम असे. कथाकथनात सांगणारा कथेत भर घालतो, हातवारे करतो, श्रोत्यांकडे पाहून थांबतो, हशा घेतो. ती स्वतंत्र कला आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. आमच्या गटात मात्र पुस्तक हातात धरून, जे छापले आहे तेच आणि तेवढेच वाचायचे असते. अभिनय करू नये, अशी सूचना वाचणाऱ्याला दिली जाते. सुरुवातीला ही सूचना मला कोरडी वाटली होती. तिचे मोल मला समजले ते माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' या पुस्तकातील 'धर्मा रामोशी' वाचली गेली त्या दिवशी.

१९४९ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी हाताळलेले होते. त्या दिवशी वाचनाची पाळी दहिवडीकडच्या एका निवृत्त एस. टी. वाहकांची होती. ते स्वतः माणदेशातले. त्याआधीच्या एका बैठकीत दुसऱ्या एका सभासदाने ग्रामीण संवाद असलेली कथा वाचताना पात्रांच्या तोंडची वाक्ये हेल काढून, आवाज चढवून वाचली होती आणि गंभीर प्रसंगातही खोलीत हसू फुटले होते. वाहककाकांनी तसे काहीच केले नाही. निवेदन त्यांनी शाळेत धडा वाचतात तसे जपून वाचले आणि संवाद आले की त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला, कारण ती त्यांची रोजची बोली होती. खोलीत कोणी हसले नाही. चर्चेच्या सुरुवातीलाच एका प्राध्यापिकेने ही गोष्ट बोलून दाखवली. चित्रपट आणि विनोदी कार्यक्रम पाहून पाहून गावाकडची बोली कानावर पडली की हसायचे असते, अशी सवय आपल्याला लागली आहे, आणि ज्याची ती मातृबोली आहे त्याने नुसती वाचली तेव्हा ती सवय उघडी पडली, असे त्या म्हणाल्या. काका यावर एवढेच म्हणाले, "आमच्यात असंच बोलत्यात, बाई. त्यात हसण्यासारखं काय न्हाई."

या कथेत धर्माला एक जुने धोतर दिले जाते आणि तरीही पुढे तो उघडावाघडाच दिसतो. ते धोतर अखेर त्याच्या मुलीच्या अंगावर दिसते. ज्यांनी शाळेच्या वयात ही कथा वाचली होती त्यांच्या मनात 'गरिबीचे दर्शन' एवढीच तिची नोंद राहिली होती आणि चर्चाही त्याच वळणाने चालली होती. तेव्हा शिवणकाम करणाऱ्या एक ताई, ज्या सहसा बोलत नाहीत, त्या म्हणाल्या की धोतर पाच वारी असते आणि लुगडे नऊ वारी, म्हणजे त्या मुलीला ते अंगभर पुरलेच नसणार. शिवाय घरात वापरून टाकायला काढलेले धोतर मधल्या भागात विरलेले असते, बसताना-उठताना ताण तिथेच पडतो. ते नेसायचे तर विरलेला भाग घडीत आत घ्यावा लागतो, आणि तसे केले की आधीच अपुरे असलेले कापड आणखी कमी पडते. त्यांनी आपल्या ओढणीची घडी घालून ते सर्वांना दाखवले. खोलीतील पुरुष खाली पाहू लागले. लेखकाने कापडाचे माप दिलेले नाही, पण १९४९ सालच्या वाचकाला धोतर म्हटले की पाच वार आणि लुगडे म्हटले की नऊ वार हे सांगावे लागत नव्हते, त्यामुळे त्याला तो शेवट आपल्यापेक्षा अधिक टोचला असणार, हे आम्हाला त्या घडीवरून कळले. मी ती कथा त्याआधी निदान चार वेळा वाचली होती. कापड किती पुरेल हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

त्याच बैठकीत हे लेखन कथा म्हणावे की व्यक्तिचित्र, यावर वाद झाला आणि तो अर्धा तास चालला. काहींचे म्हणणे असे की ज्यात घटना एका टोकाकडे सरकत जाते आणि शेवटच्या दृश्यात आधीच्या सर्व तपशिलांचा अर्थ बदलतो ती कथाच. इतरांचे म्हणणे, लेखकाने माणूस उभा केला, कथानक रचले नाही. अशा वादांतून निष्कर्ष निघत नाही, तो निघावा अशी माझी अपेक्षाही नसते, परंतु ओळ दाखवण्याच्या दंडकामुळे दोन्ही बाजूंना पुस्तकात पुन्हा पुन्हा जावे लागले आणि घरी परतताना ती कथा माझी जवळजवळ पाठ झालेली होती.

आता निवडीविषयी. कथा कोणती घ्यायची हे ग्रंथपाल आणि निमंत्रक मिळून ठरवतात, सभासदांनी सुचवलेली नावे एका वहीत लिहून ठेवली जातात. गेल्या तीन वर्षांची यादी पाहिली तर तिचा कल उघड दिसतो. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, माडगूळकर या नवकथेच्या (दुसऱ्या महायुद्धानंतर मराठी कथेला मिळालेल्या नव्या वळणाच्या) काळातील लेखकांकडे आणि 'सत्यकथा' मासिकातून पुढे आलेल्या कथेकडे ती सारखी वळते. ही कथा उत्तम आहे, यात शंका नाही. वाचनालयाकडे 'सत्यकथे'चे जुने बांधीव अंकही आहेत आणि १९८२ मध्ये बंद पडलेल्या त्या मासिकाची पाने हाताळणे हा स्वतंत्र आनंद आहे. पण मराठी कथा तेथे थांबलेली नाही. २०१२ मध्ये जयंत पवार यांना आणि २०१६ मध्ये आसाराम लोमटे यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो कथासंग्रहांसाठीच. वहीत ही दोन्ही नावे वर्षभर पडून होती. शेवटी जयंत पवार यांची गिरण्या बंद पडल्यानंतरच्या मुंबईची कथा घेतली गेली, तेव्हा त्या वर्षातील सर्वांत जास्त उपस्थिती त्या बैठकीला होती. याचे कारण सातारकरांना सांगायला नको. या जिल्ह्यातील खेड्याखेड्यांतून माणसे गिरणीत गेली आणि १९८२ च्या संपानंतर त्यांतील कित्येक जण पेटी-वळकटी घेऊन गावी परतले. खोलीत तिघांचे वडील त्यांपैकी होते. त्या दिवशी चर्चा थोडी कथेबाहेर गेली आणि जाऊ दिली गेली, ते योग्यच झाले.

स्त्रियांनी लिहिलेली कथा वर्षातून एकदा, मार्च महिन्यात घेतली जाते, हे मला मुळीच पटत नाही. मागच्या मार्चमध्ये विभावरी शिरूरकर यांच्या 'कळ्यांचे निःश्वास' या १९३३ सालच्या संग्रहातील एक कथा घेतली होती. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनातील गोष्टी त्या काळी इतक्या थेट लिहिल्या गेल्याने मोठे वादळ उठले होते आणि टोपणनावामागची लेखिका कोण याचा लोक शोध घेत होते. बैठकीला पंचवीस माणसे होती, त्यांतील सतरा स्त्रिया होत्या आणि एरवी जे चार पुरुष सभासद चर्चेचा निम्मा वेळ घेतात ते त्या दिवशी ऐकत होते. आजही पगार हातात आल्यावर तो घरात कोणापुढे ठेवायचा, या प्रश्नावर दोन नोकरदार मुली जे बोलल्या ते मी येथे लिहिणार नाही, ते त्या खोलीतलेच राहावे. परंतु ज्या निवडीने इतके खरे बोलणे घडते, ती वर्षातील बाराव्या हिश्शावर का ठेवायची? गौरी देशपांडे आहेत, सानिया आहेत, मेघना पेठे आहेत. वहीत नावांची कमतरता नाही.

दिवाळीनंतरच्या दोन बैठका दिवाळी अंकांतील नव्या कथांसाठी राखलेल्या असतात आणि ही योजना मला अतिशय आवडते. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेला दरवर्षी नवे घर मिळत आले आहे. वाचनालयात दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी भरून लोक एकामागून एक अंक नेतात, पण त्यांतील कथांवर कोणाशी बोलत नाहीत. नव्या कथेविषयी कोणाचेही मत तयार नसते, समीक्षकाने काय म्हटले हे ठाऊक नसते, त्यामुळे चर्चा अडखळत चालते आणि तेच तिचे बळ असते. दीर्घकथांचा प्रयोग मात्र फसला. जी. ए. कुलकर्णी यांची 'काजळमाया' संग्रहातील 'विदूषक' घेतली होती. ती एका बैठकीत वाचून होणे शक्यच नव्हते, म्हणून दोन महिन्यांत विभागली, आणि दुसऱ्या वेळी निम्मी माणसे नवी होती. जी. ए. घ्यायचेच असतील तर त्यांच्या छोट्या कथा पुष्कळ आहेत.

आता ज्या बैठकीमुळे मी हा अभिप्राय लिहायला बसले, तिच्याकडे येते. मागच्या वर्षी बाबुराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा घेतली गेली. १९६३ च्या त्या संग्रहाला नाव देणारी ही कथा आहे. नोकरीच्या गावी आपली जात कळू न देता राहिलेला दलित निवेदक आणि ती उघड होताच त्याला बसलेला मार, हा तिचा विषय. वाचन उत्तम झाले. पाच मिनिटांच्या शांततेनंतर पहिला मुद्दा निघाला तो शीर्षकातील क्रियापदाचा. जात लपवली, असे आपण म्हणतो, लेखक 'चोरली' म्हणतो. चोरी नेहमी दुसऱ्याच्या वस्तूची होते. मग निवेदकाने कोणाचे काय चोरले? एका विद्यार्थिनीने मांडले की त्याने इतरांसारखे निर्धास्त जगण्याचा जो हक्क घेतला, तो समाजाच्या लेखी त्याचा नव्हताच, म्हणून ती चोरी ठरली, आणि 'चोरली' हा शब्द निवेदकाचा स्वतःबद्दलचा नाही, त्याला मारणाऱ्यांच्या तोंडचा आहे. तिने त्यासाठी तीन ओळी दाखवल्या. या गटात मी ऐकलेले हे सर्वांत तीक्ष्ण वाचन आहे.

त्यानंतर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, की कथा प्रभावी आहे, पण हे सगळे आता इतिहासजमा झाले आहे. दोन-चार माना हलल्या. वाचनालयाच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा त्याआधीच्या चार बैठकींना नियमित आला होता. कथेतील निवेदकही नोकरीच्या गावी राहायला जागा शोधतो, तो धागा धरून हा मुलगा म्हणाला, "मी इथं खोली बघायला गेलो, तर नावाच्या आधी आडनाव विचारलं. तीन ठिकाणी." ज्येष्ठ सभासद म्हणाले, "ते वेगळं, बाळा. घरमालक चौकशी करणारच." मुलाने पुस्तक मिटले. निमंत्रकांनी घड्याळाकडे पाहिले, वेळ झाल्याचे सांगितले आणि चहा आला. तो मुलगा त्यानंतर गटात आलेला नाही. अभ्यासिकेत तो दिसतो, मी ओळखीचे हसते, तोही हसतो.

या प्रसंगाची जबाबदारी मी एकट्या निमंत्रकांवर टाकत नाही, कारण खोलीत आम्ही वीस जण होतो आणि मीही गप्प राहिले. पण जी सेवा ओळ दाखवल्याशिवाय कथेविषयी मत मांडू देत नाही, तिने 'हे इतिहासजमा झाले' या मताला ओळ मागितली नाही, आणि ज्याने स्वतःच्या आयुष्यातील ओळ दाखवली त्याचे मात्र म्हणणे खोडू दिले, ही गंभीर चूक होती. वेळ संपणे हे कारण होऊ शकत नाही. कथा की व्यक्तिचित्र या वादाला अर्धा तास मिळाला होता. मी निमंत्रकांना तसे पत्र लिहिले. त्यांनी ते पुढील बैठकीत वाचून दाखवले, हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण मानते, आणि तेव्हापासून दंडकात एका वाक्याची भर पडली : कोणी स्वतःचा अनुभव सांगितला तर त्यावर प्रश्न विचारता येईल, तो नाकारता येणार नाही. हे वाक्य आता सूचनाफलकावर लावलेल्या नियमांत आहे. त्या मुलाला कोणी जाऊन भेटले का, हे मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले नाही. मी स्वतः एकदा त्याच्या टेबलापर्यंत गेले होते, पण त्याची परीक्षा जवळ आली होती आणि त्याच्यापुढे पुस्तकांचा ढीग होता, तेव्हा पुढच्या कथेचे नाव सांगून परत आले.

सोयींविषयी थोडक्यात. बैठक पहिल्या मजल्यावरील वाचनकक्षात होते आणि जिना उभा आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्या दोन जुन्या सभासदांनी केवळ त्यामुळे येणे सोडले. तळमजल्यावरचा बालविभाग शनिवारी सायंकाळी पाचला रिकामा होतो, बैठक तेथे घ्यावी, ही सूचना मी दोनदा दिली आहे. पंखे जुने असून त्यांचा आवाज होतो, त्यामुळे मागच्या रांगेत हळू आवाजाचे वाचन ऐकू येत नाही. खुर्च्या गोलाकार मांडल्या तर मागची रांगच उरणार नाही, आणि ज्या बैठकींत तशा मांडल्या गेल्या त्यांत बोलणाऱ्यांची संख्या वाढलेली मी पाहिली आहे. चहा चांगला असतो. सातला बैठक संपते असे फलकावर लिहिले आहे, पण साडेसातच्या आत कधी संपत नाही. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी शेवटच्या गाडीची वेळ पाहूनच यावे.

कथेच्या प्रतींचा प्रश्न मात्र थोडा विस्ताराने मांडण्यासारखा आहे. पूर्वी प्रत्येकाला कथेची झेरॉक्स दिली जात असे. हरि नारायण आपटे यांच्यासारख्या १९१९ मध्ये दिवंगत झालेल्या लेखकाच्या गोष्टींची कितीही प्रती काढा, त्यात काही अडचण नाही, कारण आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. माडगूळकर २००१ मध्ये गेले, बागूल २००८ मध्ये. त्यांच्या पुस्तकांवर त्यांच्या कुटुंबीयांचा आणि प्रकाशकांचा हक्क आहे आणि ही पुस्तके आजही विकत मिळतात. आता वाचनालय निवडलेल्या संग्रहाच्या चार-पाच प्रती खरेदी करते, दोन-तीन जणांत एक पुस्तक असते आणि बैठकीनंतर त्या प्रती देवघेव विभागात जातात. शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावून वाचावे लागते ही काहींची तक्रार आहे. मला तो फायदा वाटतो, कारण ओळ शोधताना दोघांची बोटे एकाच पानावर फिरतात आणि अनोळखी माणसाशी पहिले बोलणे तेथूनच सुरू होते. पुढे त्या प्रती घरोघरी जातात, हा आणखी एक लाभ. 'माणदेशी माणसं'च्या पाचही प्रती बैठकीनंतर दोन महिने कपाटात परतल्या नव्हत्या.

हा गट कोणासाठी नाही, हेही सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. ज्यांना स्वतः लिहिलेली कथा वाचून दाखवायची आहे त्यांची येथे निराशा होईल, कारण सभासदांचे स्वतःचे लेखन येथे वाचले जात नाही. ज्यांना साहित्यप्रकारांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायचा आहे त्यांना चर्चा विस्कळीत वाटेल. ज्यांचा मराठीचा सराव सुटला आहे, शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले आहे, अशा मुलामुलींनी मात्र संकोच न करता यावे. माझी भाची पुण्याच्या संगणक कंपनीत नोकरी करते आणि तिला छापील मराठी सलग वाचण्याचा कंटाळा येतो. सुटीत ती दोनदा माझ्याबरोबर आली, कारण येथे ऐकायचे होते, वाचायचे नव्हते. दुसऱ्या बैठकीत तिने एका शब्दाचा अर्थ मोकळेपणाने विचारला आणि तो खोलीतील निम्म्या लोकांनाही नीट सांगता आला नाही. मग ग्रंथपालांनी शब्दकोश आणून वाचला. शब्द विचारण्यात कमीपणा मानला जात नाही, ही या गटाची मला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट आहे.

गटासाठी वेगळे शुल्क नाही. वाचनालयाची मासिक वर्गणी भरलेली असली की पुरते, आणि पहिल्या दोन बैठकींना सभासद नसलेल्यांनाही बसू देतात. नाव नोंदवण्यासाठी देवघेव विभागातील खिडकीवर गटाची वही मागावी. त्याच वहीच्या मागच्या पानांवर सुचवलेल्या कथांची यादी असते, आणि आपल्याला हवी असलेली कथा तेथे कारणासह लिहावी, कारण निवडीचा कल बदलायचा असेल तर तो त्या पानांवरूनच बदलेल. जिना चढणे ज्यांना शक्य नाही त्यांनीही तसे वहीत लिहून ठेवावे. माझ्या एकटीच्या दोन सूचनांनी खुर्च्या खाली आल्या नाहीत; दहा नावे असतील तर बालविभाग उघडावाच लागेल.